'भाजी चांगली लागते' आणि 'ती चांगली गाते': इंग्रजीत एकीकडे 'गुड' आणि दुसरीकडे 'वेल' का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या आणि आता एका कंपनीच्या ग्राहकसेवेत काम करणाऱ्या ताईंनी मेलमध्ये लिहिलं, 'द न्यू सिस्टीम वर्क्स गुड.' वरिष्ठांनी 'गुड' खोडून 'वेल' केलं. तो धडा लक्षात ठेवून पुढच्या मेलमध्ये त्यांनी लिहिलं, 'द रिपोर्ट लुक्स वेल.' तर तिथं 'वेल' खोडून 'गुड' झालं. त्यांचं म्हणणं असं की, नामाबद्दल सांगतं ते विशेषण आणि क्रियापदाबद्दल सांगतं ते क्रियाविशेषण, असं शाळेत शिकलो. दोन्ही वाक्यांत शब्द क्रियापदाला चिकटूनच आलाय, मग एकदा हे आणि एकदा ते कसं? शिवाय 'शेवटी ली असेल तर क्रियाविशेषण' हा नियम कितपत खरा, असंही त्यांनी विचारलंय.

ताई, तुमची व्याख्या बरोबर आहे. अडतं ते वापरताना, कारण 'क्रियापदाबद्दल सांगतं' याचा अर्थ आपण नकळत 'क्रियापदाशेजारी बसतं' असा करून घेतो. इंग्रजीत नुसता शेजार पाहून काही ठरत नाही. शेवटचं 'ली' पाहूनही पुरतं ठरत नाही. तो शब्द कोणाविषयी सांगतोय, वस्तूविषयी की तिच्या हातून होणाऱ्या कृतीविषयी, हे पाहावं लागतं. आणि नेमकं इथंच मराठी माणसाला एक खास अडचण येते. बाजारातल्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत ती सहसा भेटत नाही, कारण ती पुस्तकं लिहिताना आपण कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो.

ही दोन वाक्यं बघा. 'भाजी चांगली लागते.' 'ती चांगली गाते.' दोन्हीकडे 'चांगली' आहे. पहिल्या वाक्यात चांगली आहे ती भाजी. दुसऱ्यात मात्र 'चांगली' हा शब्द त्या बाईच्या स्वभावाबद्दल चकार शब्द काढत नाही. ती महाभांडखोर असेल, तरी चांगली गात असेल. सांगितलंय ते गाण्याविषयी, पण शब्दानं लिंग आणि वचन घेतलंय ते कर्त्याचं: तो चांगला गातो, ती चांगली गाते, ते चांगले गातात. भूतकाळात तर तो सरळ कर्माकडे वळतो: तिनं अभंग चांगला गायला, ओवी चांगली गायली. आपल्या व्याकरणात याला सविकारी क्रियाविशेषण म्हणतात. म्हणजे काम क्रियाविशेषणाचं आणि रूप विशेषणासारखं.

मराठीत यानं काही बिघडत नाही, कारण संदर्भानं सगळं कळतं. इंग्रजीत मात्र या दोन कामांना दोन शब्द लागतात. भाजी 'टेस्ट्स गुड' आणि ती 'सिंग्ज वेल'. त्यामुळे 'शी सिंग्ज गुड' किंवा तुमचं 'सिस्टीम वर्क्स गुड' हा निष्काळजीपणा नव्हे. मराठीत 'सिस्टीम चांगली चालते' हे शंभर टक्के बरोबर आहे, तेच तुम्ही इंग्रजीत उतरवलंत. मी नोकरी करणाऱ्या प्रौढांना इंग्रजी शिकवते. त्यांच्या लेखनात ही चूक इतकी सारखी दिसते, की तिच्यासाठी कोणाला बोल लावणं मी कधीच सोडलं.

आता उपाय. तोही मराठीतच आहे. दोन चाचण्या करायच्या.

पहिली म्हणजे मराठी वाक्यात 'चांगली' काढून 'चांगल्या प्रकारे' किंवा 'नीट' घालून बघा. 'सिस्टीम नीट चालते' हे जमतं. 'ती चांगल्या प्रकारे गाते' हे थोडं पुस्तकी वाटलं तरी अर्थ टिकतो. जमलं की इंग्रजीत क्रियाविशेषण. 'भाजी चांगल्या प्रकारे लागते' म्हटलं तर घरचे चमच्यासकट आपल्याकडे बघत राहतील.

दुसरी चाचणी उलट बाजूची. क्रियापद काढून तिथं नुसतं 'आहे' ठेवा. 'रिपोर्ट चांगला दिसतो' याचं 'रिपोर्ट चांगला आहे' झालं; अर्थ थोडा हलला, पण 'चांगला' अजून रिपोर्टच आहे. म्हणून विशेषण, 'द रिपोर्ट लुक्स गुड'. 'ती चांगली गाते' याचं 'ती चांगली आहे' केलं तर गाणं गेलं आणि शिफारसपत्र उरलं. म्हणून तिथं विशेषण चालणार नाही.

तुमच्या 'रिपोर्ट लुक्स वेल'मध्ये आणखी एक गंमत आहे. 'वेल' हा शब्द तब्येतीच्या बाबतीत विशेषण म्हणूनही वापरतात. 'आय डोन्ट फील वेल' म्हणजे बरं वाटत नाही. 'शी लुक्स वेल' म्हणजे तिची तब्येत छान दिसतेय. तुमचं वाक्य शब्दशः घेतलं तर रिपोर्ट दुखण्यातून उठला आणि आता तरतरीत दिसतोय, असा भाव निघतो. वरिष्ठांनी न हसता दुरुस्ती केली असेल तर माणूस सज्जन आहे.

'लुक' या क्रियापदावर जरा थांबू, कारण खरी मेख इथं आहे. इंग्रजीत एकच 'लुक' दोन कामं करतं आणि मराठीत त्या दोन कामांना वेगळी क्रियापदं आहेत: दिसणं आणि पाहणं. 'शी लुक्ड अँग्री' म्हणजे ती रागावलेली दिसली. 'शी लुक्ड अँग्रिली ॲट द क्लार्क' म्हणजे तिनं क्लार्ककडे रागानं पाहिलं. दिसण्यात ती काही करत नाही, तिची अवस्था कळते, म्हणून विशेषण. पाहणं ही तिची कृती, म्हणून क्रियाविशेषण.

हीच जोडी पुढे सगळीकडे सापडते. 'टेस्ट' म्हणजे लागणं किंवा चाखणं: आमटी 'टेस्ट्स सॉल्टी', पण आचारी ती 'टेस्ट्स केअरफुली'. 'स्मेल' म्हणजे वास येणं किंवा वास घेणं: दूध 'स्मेल्स बॅड', आणि तुम्ही ते सावधपणे हुंगता तेव्हा 'स्मेल इट कॉशसली'. 'फील' म्हणजे वाटणं किंवा हातानं चाचपणं: 'आय फेल्ट बॅड' म्हणजे मला वाईट वाटलं, डॉक्टरांनी हलक्या हातानं पोट दाबून पाहिलं तर 'फेल्ट इट जेंटली'. 'अपिअर' म्हणजे वाटणं किंवा प्रकटणं: 'ही अपिअर्ड काम' म्हणजे तो शांत वाटला, पण 'ही अपिअर्ड सडनली' म्हणजे तो अचानक प्रकटला. 'टर्न' म्हणजे पडणं किंवा वळणं: पानं 'टर्न्ड यलो', ड्रायव्हर 'टर्न्ड स्लोली'. 'ग्रो' म्हणजे होणं किंवा वाढणं: आजोबा 'ग्रू ओल्ड', रोपटं 'ग्रू क्विकली'.

इंग्रज मुलाला ही दुहेरी कामं वेगळी करायला शिकावं लागतं. आपण ती आईच्या भाषेतून आधीच वेगळी करून आलोय. म्हणून वर्गात मी इंग्रजी क्रियापदांची यादी पाठ करायला देत नाही. वाक्य मनात मराठीत म्हणा. दिसणं, लागणं, वाटणं, वास येणं, होणं, पडणं यांपैकी काही आलं तर विशेषण. पाहणं, चाखणं, चाचपणं, हुंगणं, वळणं, वाढणं आलं तर क्रियाविशेषण. ही युक्ती एका ठिकाणी साथ सोडते, ते म्हणजे 'राहणं'. 'शांत राहा' म्हणजे 'स्टे काम', तिथं 'कामली' नको. पण 'तो गुपचूप खोलीत राहिला' यात 'ही स्टेड क्वाएटली इन हिज रूम' बरोबर, कारण इथं राहणं म्हणजे मुक्काम. मराठी क्रियापद दोन्हीकडे तेच, तेव्हा 'आहे'ची चाचणी वापरा.

आतापर्यंतचं सगळं कर्त्याविषयी झालं. कर्माच्या बाबतीत लोक आणखी गडबडतात. 'भिंत हिरवी रंगव' हे 'पेंट द वॉल ग्रीन' असंच होणार, कारण रंगवून झाल्यावर हिरवी होणार आहे ती भिंत. रंगवण्याची क्रिया काही हिरवी नसते. 'कीप इट सिंपल', 'मी चहा गरमच पिते' यासाठी 'आय ड्रिंक माय टी हॉट', हे सगळं त्याच घराण्यातलं. काही वेळा दोन्ही चालतं आणि अर्थ किंचित सरकतो. 'शी रीच्ड होम सेफ' म्हणजे पोचली तेव्हा ती सुखरूप होती. 'सेफली' म्हटलं तर प्रवास सुखरूप झाला. घरच्यांना दोन्हींत सारखाच आनंद, म्हणून यावर वाद घालू नये.

भाषा बोलण्याबद्दलचं वाक्य तर जवळपास प्रत्येक बायोडेटात असतं. आपण म्हणतो, 'तो अस्खलित इंग्रजी बोलतो.' इंग्रजीत याच्या दोन वाटा आहेत. 'ही स्पीक्स फ्लुएंट इंग्लिश': इथं अस्खलित आहे ती इंग्रजी. 'ही स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली': इथं अस्खलित आहे ते बोलणं. दोन्ही बिनचूक. चुकतं ते 'स्पीक्स इंग्लिश फ्लुएंट', कारण ते ना नामाआधी आलं, ना त्याला 'ली' लागलं. आणि 'स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश' हेही, कारण इंग्रजी आपलं क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये सहसा कोणाला घुसू देत नाही. 'गुड इंग्लिश' आणि 'इंग्लिश वेल' ही जोडीही याच हिशेबाची.

आता 'ली'. हा नियम अर्धाच खरा का, हे थोडा इतिहास पाहिला की कळतं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाला लागणारा 'लिच' असा एक प्रत्यय होता. त्याचा मूळ अर्थ रूप किंवा शरीर. 'लाइक' हा शब्द त्याचाच नातलग. विशेषणापासून क्रियाविशेषण करायचं तर शेवटी एक हलका 'ए' जोडत. 'लिच'चं 'लिचे' होई. 'हार्ड', 'फास्ट' यांच्या जुन्या रूपांनाही तसाच 'ए' लागे. पुढच्या काही शतकांत शब्दांच्या शेवटचे हे हलके स्वर गळून गेले. मग 'लिच' आणि 'लिचे' दोन्हींचं झालं 'ली', आणि 'हार्ड' आणि 'हार्डे' दोन्हींचं झालं 'हार्ड'. तुम्हाला छळणाऱ्या दोन्ही गोष्टी या एकाच गळतीतून आल्या आहेत. 'फ्रेंडली', 'लव्हली', 'कॉस्टली', 'लोनली' ही 'ली' असूनही विशेषणं राहिली. 'फास्ट', 'हार्ड', 'लेट', 'अर्ली', 'स्ट्रेट' हे शब्द दोन्ही कामं रूप न बदलता करतात. 'फास्टली' असा शब्द आजच्या इंग्रजीत वापरत नाहीत. 'डेली', 'वीकली' यांचं मात्र बरं आहे, ते दोन्हीकडे चालतात.

'फ्रेंडली'चं क्रियाविशेषण करायचा मोह झाला तर तो आवरा. 'ही स्पोक फ्रेंडली' चालत नाही आणि 'फ्रेंडलिली' हा शब्द कोशात सापडला तरी बोलताना जीभ वळत नाही. 'इन अ फ्रेंडली वे' म्हणून मोकळं व्हावं. कामाच्या मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये हमखास येणारा असाच एक शब्द म्हणजे 'टाइमली'. 'आय कंप्लीटेड माय वर्क टाइमली' असं लोक लिहितात. 'टाइमली' हे विशेषण आहे, 'टाइमली हेल्प' म्हणजे वेळेवर मिळालेली मदत. फॉर्ममध्ये 'ऑन टाइम' लिहा. छोटं आहे आणि वाद नाही.

खरा धोका 'हार्ड'च्या जातीच्या शब्दांत आहे, कारण त्यांना 'ली' लावलं की वेगळाच शब्द तयार होतो. 'हार्डली'चा जुना अर्थ कष्टानं असाच होता. कष्टानं म्हणजे जेमतेम, आणि जेमतेम म्हणजे जवळजवळ नाहीच, असा तो घसरत गेला. म्हणून मुलाखतीत 'आय हार्डली वर्क' म्हणणारा उमेदवार आपण काम जवळजवळ करतच नाही, अशी कबुली देतो. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'निअर' म्हणजे जवळ, 'निअरली' म्हणजे जवळजवळ. 'शॉर्टली' म्हणजे थोड्या वेळात, स्टेशनवरच्या घोषणेत ऐकतो तेच. 'हाय'चं अंतर मोजतात, 'हायली'चं प्रमाण: पतंग 'फ्लाइज हाय', माणूस 'हायली क्वालिफाइड'.

यातच आपला घरचा एक घोळ आहे, 'मोस्टली'. 'मी उद्या बहुतेक येईन' याचं आपल्याकडे सर्रास 'आय विल मोस्टली कम टुमारो' होतं. मराठीत 'बहुतेक' दोन अर्थांनी येतं: बहुतेक लोक, आणि बहुतेक येईन. इंग्रजी 'मोस्टली' फक्त पहिल्या अर्थाजवळ राहतं, म्हणजे मुख्यतः, बव्हंशी. दुसऱ्यासाठी 'प्रॉबब्ली'. परदेशी ग्राहकाला 'मोस्टली' लिहिलं तर तुमचा बराचसा भाग येणार, असं त्याला वाटायचं.

विशेषणाच्या आधी येणाऱ्या क्रियाविशेषणाबद्दल फार सांगायला नको. 'बॅडली डॅमेज्ड', 'न्यूली अपॉइंटेड', 'कंप्लीटली न्यू' असं विशेषणाला किंवा तशा रूपाला जोर किंवा रीत द्यायची असेल तर क्रियाविशेषणच हवं. हे आपल्याला येतंच. लग्नाच्या जाहिरातीत 'वेल सेटल्ड मुलगा' लिहिताना आजवर कोणी 'गुड सेटल्ड' लिहिल्याचं मला तरी दिसलेलं नाही. पुढे शंका आली तर ही जाहिरात आठवा.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही सांगते. 'ड्राइव्ह स्लो', 'ड्राइव्ह सेफ', 'कॅन यू स्पीक स्लोअर?' ही बोलण्यातली इंग्रजी आहे आणि ती चूक नाही. 'स्लो' शतकानुशतकं क्रियाविशेषण म्हणून वापरात आहे. विशेषणाचं रूप क्रियाविशेषण म्हणून वापरणं अशुद्ध, असं ठसवलं ते मुख्यतः अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी. १७६२ सालच्या रॉबर्ट लाउथ यांच्या व्याकरणात अशा वापरावर टीका आहे. अमेरिकन बोलीत तर 'रिअल गुड', 'आय ॲम डुइंग गुड' सहज ऐकू येतं. ॲपल कंपनीनं १९९७ मध्ये 'थिंक डिफरंट' ही घोषणा आणली तेव्हाही 'डिफरंटली' हवं होतं का, यावर बरीच चर्चा झाली. मालिकांमध्ये असं काही ऐकलं तर गोंधळू नका, पण ते परीक्षेत किंवा ग्राहकाच्या मेलमध्ये उतरवूही नका. परीक्षेत 'स्लोली' लिहा. 'हाऊ आर यू?'ला 'आय ॲम गुड' हे उत्तर आज सगळीकडे चालतं. जुन्या वळणाचे साहेब असतील तर 'फाइन' म्हणा.

सरावाचं म्हणाल तर नवीन पुस्तक घेऊ नका. स्वतःचे पाठवलेले मेल उघडा, क्रियापदानंतर आलेल्या अशा शब्दांखाली रेघ मारा आणि दोन्ही चाचण्या करून बघा. आपण पुन्हा पुन्हा वापरतो ती क्रियापदं मोजकीच असतात, त्यामुळे चुकाही ठरावीक सापडतील. दुरुस्तीचा क्रम मात्र माझ्या हिशेबानं ठेवा. आधी 'हार्डली', 'लेटली', 'मोस्टली', कारण तिथं अर्थच फिरतो आणि समोरच्याला चूक झाली हे कळतही नाही. मग 'लुक', 'फील', 'साउंड' यांच्या पुढचे शब्द, कारण ऑफिसच्या मेलमध्ये ते रोज येतात. बोलताना 'वेल'च्या जागी 'गुड' निघून गेलं तर वाक्य अर्धवट सोडून मागे जाऊ नका. ऐकणाऱ्याला अर्थ पोचलेला असतो, आणि मध्येच थांबून केलेली दुरुस्ती त्या चुकीपेक्षा जास्त लक्षात राहते. मेल मात्र पाठवण्याआधी एकदा वाचा.